खुणांची भाषा जगभर एकच असते का?

एमआरटीच्या डब्यात हातांनी गप्पा मारणारी मंडळी आपण सगळ्यांनीच कधी ना कधी पाहिली असतील. आम्हा संगणकवाल्यांना हमखास वाटतं, की या भाषेचं तरी जगभर एकच स्टँडर्ड असणार! तसं अजिबात नाही. कर्णबधिर मुलं जिथे एकत्र आली, विशेषतः शाळांमध्ये, तिथे तिथे वेगळी भाषा घडली. खुणाही वेगळ्या आणि व्याकरणही.

बोलीभाषेवरून अंदाज बांधाल तर फसाल. इंग्लंड-अमेरिकेत इंग्रजी एकच, पण तिथल्या खुणा एकमेकांना कळत नाहीत. १८१७ साली हार्टफर्डला शाळा निघाली, तिचे कर्णबधिर शिक्षक लॉरां क्लेर्क फ्रान्सहून आले होते. त्यामुळे अमेरिकन खुणांचं नातं फ्रेंच खुणांशी!

सिंगापूरची कथा तर अस्सल सिंगापुरी मिसळ. शांघायहून आलेले पेंग त्सू यिंग स्वतः कर्णबधिर होते. त्यांनी १९५४ साली इथे शाळा काढली आणि शांघायच्या खुणा शिकवल्या. १९७० च्या दशकात अमेरिकन खुणा आल्या, सोबत इंग्रजी वाक्य शब्दागणिक हातांनी दाखवायची पद्धतही. त्यात स्थानिक खुणा मिसळल्या. 'सिंगापूर साइन लँग्वेज' हे नाव मात्र २००८ चं.

आपल्याकडे मुंबई-कोलकात्यात बऱ्याच खुणा बदलतात, पण व्याकरण बहुतांशी एकच. इंग्रजी मुळाक्षरं भारतात ब्रिटिश वळणाने दोन हातांनी दाखवतात, सिंगापुरात अमेरिकन पद्धतीने एका हाताने. राज्य दोन्हीकडे इंग्रजांचंच होतं, हे विशेष!

म्हणजे मुंबईहून इथे आलेल्या कर्णबधिर मुलाला साधं स्वतःचं नावसुद्धा नव्याने 'लिहायला' शिकावं लागतं. मात्र चेहऱ्यावरचे भाव, बोट दाखवणं, हवेत जागा आखून सांगणं ही शिदोरी कामी येते. म्हणूनच दोन देशांचे कर्णबधिर भेटले तर थोड्या वेळात काम भागवतात. आपण ऐकणारे मात्र अशा वेळी नुसते गोंधळतो.

असं मूल घरी असेल तर आईवडिलांनीही शिकावं. 'सिंगापूर असोसिएशन फॉर द डेफ' ऐकणाऱ्यांसाठीही वर्ग चालवते. पण भारतीय खुणा सोडू नका, सुट्टीत जुने मित्र भेटतातच. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा १०,००० शब्दांचा व्हिडिओ-कोश २०२१ मध्ये पूर्ण झाला आहे. तो इथे बसूनही पाहता येतो.