मुकादम गेला, मधली जागा राहिली

दिघीच्या धक्क्यावर उभे राहिले की समोर राजपुरीची खाडी दिसते. खाडीच्या तोंडाशी जंजिरा आणि पलीकडच्या काठावर आगरदांडा. या किनाऱ्यावरच्या माणसाला एके काळी पोटासाठी खाडीपलीकडचा, फार लांबचा प्रवास करावा लागे. शेतीचे काम सरले की तो पडावातून आगबोटीपर्यंत जाई, मुंबईच्या धक्क्याला उतरे आणि गिरणगावात गाववाल्यांच्या खोलीवर वळकटी टेके. दुसऱ्या दिवशी तो गिरणीच्या दारात उभा राही. तिथे त्याला भेटणारा पहिला माणूस मालक नसे, मॅनेजरही नसे. भेटे तो जॉबर, म्हणजे मुकादम.

आज विद्यापीठांतून कामगार संबंधांच्या व्यवस्थापनाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम शिकवला जातो. टाय लावून मुलाखतीला जाणाऱ्या तरुणांना कदाचित ठाऊक नसेल, पण आपल्याकडे या विषयाची गोष्ट त्या दारातल्या मुकादमापासून सुरू होते.

मुकादमाच्या हाती काय नव्हते? कामावर कोणाला घ्यायचे, कोणाला काढायचे, रजा कोणाला द्यायची, हे सारे तोच ठरवी. कामावर लावल्याबद्दल दस्तुरी घेई. अडीअडचणीला व्याजाने पैसे देई, कधी राहायला जागाही पाहून देई. तो बहुधा कामगारांच्याच मुलखातला असे, त्यामुळे त्याचा आधारही वाटे आणि जाचही सोसावा लागे. मालकांची यात सोयच होती. हजारो माणसे हवी होती, पण त्या माणसांची भाषा, त्यांचे गाव, त्यांची दुखणी समजून घेण्याची तसदी घ्यायची नव्हती. ते काम मुकादमावर सोपवले की झाले.

या व्यवस्थेला बगल देऊन कामगारांचे म्हणणे थेट सरकारपुढे आणि मालकांपुढे मांडणारा पहिला मोठा माणूस म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीत तयार झालेल्या लोखंड्यांनी स्वतः गिरणीत नोकरी केली होती. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांना एकत्र केले आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या वतीने निवेदन दिले. आठवड्याची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, अशा त्या साध्या मागण्या होत्या. गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली ती १८९० च्या जून महिन्यात. आपण हा मजकूर रविवारी निवांत वाचत आहात, त्यामागे ती सहा वर्षे आहेत.

लोखंड्यांनंतर आपल्या रायगड जिल्ह्याचाच एक सुपुत्र या गोष्टीत येतो. नारायण मल्हार जोशी यांचा जन्म १८७९ सालचा, माणगाव तालुक्यातल्या गोरेगावचा. दिघीपासून हे गाव फार दूर नाही. काही वर्षे शिक्षकी केल्यावर ते भारत सेवक समाजात दाखल झाले. १९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली आणि रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने यांतून कामगारांच्या वस्तीत काम सुरू केले. १९१९ साली आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या वॉशिंग्टन येथील पहिल्या परिषदेला भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून तेच गेले होते. पुढच्याच वर्षी आयटक स्थापन झाली, तीही त्यांच्या पुढाकाराने. कामगाराच्या प्रश्नाचा आधी नीट अभ्यास करायचा आणि मग बोलायचे, ही त्यांची शिस्त होती.

१९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत सार्वत्रिक संप झाला. एप्रिल ते ऑक्टोबर, सुमारे दीड लाख कामगार घरी बसले. या काळातल्या अशांततेने सरकारचे डोळे उघडले. १९२९ साली जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली शाही श्रम आयोग नेमला गेला आणि ना. म. जोशी त्याचे सदस्य होते. १९३१ च्या अहवालात आयोगाने मुकादमी पद्धतीवर नेमके बोट ठेवले. कामगार भरतीचा अधिकार मुकादमाकडून काढून घ्या आणि त्या जागी कामगार अधिकारी नेमा, अशी शिफारस केली. तो अधिकारी सचोटीचा असावा, त्याला माणसांची पारख असावी आणि कामगारांची भाषा यावी, अशी आयोगाची अपेक्षा होती. १९३४ साली मुंबई प्रांतात औद्योगिक तंट्यांत समेट घडवण्याचा कायदा झाला. सरकारने कामगार अधिकारी नेमला आणि गिरणीमालकांच्या संघटनेनेही आपला नेमला.

पण असे अधिकारी आणायचे कुठून? सचोटी अंगात असावी लागते हे खरे. कायदा, वेतनाचे गणित, वस्तीतले जीवन, कर्जबाजारीपणाची कारणे या गोष्टी मात्र शिकाव्या आणि शिकवाव्या लागतात. १९३६ साली नागपाड्याला सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. त्याचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन गृहस्थ होते आणि नागपाड्याच्या वस्तीत त्यांनी आधीच समाजसेवेचे केंद्र चालवले होते. संस्थेच्या नावातच ‘ग्रॅज्युएट’ होते, म्हणजे प्रवेश पदवीधरांना. १९४४ साली तिचे नाव टाटा समाजविज्ञान संस्था झाले आणि १९५४ साली ती देवनारला गेली. दरम्यान, १९४७ साली मुंबई सरकारने बॉम्बे लेबर इन्स्टिट्यूट काढली. परळला, गिरण्यांच्या भोंग्यांच्या टप्प्यात असलेली ही संस्था पुढे श्रमविज्ञानाच्या पदव्युत्तर पदवीसाठी ओळखली जाऊ लागली. आज तिला नारायण मेघाजी लोखंडे यांचेच नाव आहे.

त्याच सुमारास जगातही हे वारे वाहत होते. अमेरिकेत प्रिन्स्टनला १९२२ साली औद्योगिक संबंधांचा स्वतंत्र विभाग निघाला आणि १९४५ साली कॉर्नेल विद्यापीठात त्यासाठी पूर्ण महाविद्यालयच उभे राहिले. आपण यात मागे नव्हतो.

१९४८ च्या कारखाना कायद्याने या शिक्षणाला भक्कम पाया दिला. त्याच्या ४९ व्या कलमानुसार पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे झाले. त्यासाठी समाजविज्ञानाची पदवी किंवा पदविका लागू लागली आणि कामगारांच्या भाषेचे ज्ञानही. लोखंडे-जोश्यांनी रस्त्यावर आणि वस्तीत जे केले, त्यातला काही भाग आता वर्गात शिकवला जाणार होता.

इथेच एक पेच होता आणि तो अजून सुटलेला नाही. हा अधिकारी कायद्याने नेमायचा, पण त्याचा पगार मालक देणार. तो माणूस कोणाचा? कामगार त्याला मालकाचा समजतो आणि मालकाला शंका येते की हा कामगारांना फितूर आहे. दोन्ही डगरींवर हात ठेवून उभे राहण्याची ही नोकरी. ती निभावायला पदवी पुरत नाही, पण नुसता चांगुलपणाही पुरत नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला तेव्हा याची प्रचीती आली. सुमारे अडीच लाख कामगार संपात उतरले. पण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे वाटाघाटीचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघटनेला होता आणि कामगार तर दुसऱ्याच नेत्यामागे उभे होते. कायदा जिच्याशी बोलायला सांगत होता तिच्यामागे माणसे नव्हती आणि माणसे ज्याच्यामागे होती त्याच्याशी बोलायला कायदा मोकळीक देत नव्हता. पुस्तकात ‘औद्योगिक शांतता’ असा शब्द असतो. ती कलमांनी येत नाही, कामगारांचा विश्वास ज्याच्यावर आहे त्याच्याशी बोलूनच येते, हा धडा गिरणगावाने फार मोठी किंमत देऊन शिकवला. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या मात्र एकामागून एक बंद पडत गेल्या.

त्यानंतर विषयाचे नावही बदलत गेले. कामगार कल्याण, मग कार्मिक व्यवस्थापन आणि आता मानव संसाधन. माणसाला संसाधन म्हणताना आपण त्याला यंत्राच्या आणि कच्च्या मालाच्या रांगेत तर बसवत नाही ना, असे मनात येते. नावे बदलली म्हणून काही बिघडत नाही, पण अभ्यासक्रमातून कायदा आणि कामगार चळवळीचा इतिहास आक्रसत गेला, तर मात्र बिघडते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि त्यांत कल्याण अधिकाऱ्याची अट अडीचशे कामगारांवर आली. म्हणजे अशा जाणत्या माणसांची गरज वाढलीच आहे.

आता पुन्हा दिघीला येऊ. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशात १२ औद्योगिक नगरांना मंजुरी दिली, त्यांत दिघी बंदर औद्योगिक क्षेत्र आहे. ज्या माणगाव तालुक्यात जोश्यांचे गोरेगाव, त्याच भागात हे कारखाने येऊ घातले आहेत. ज्या किनाऱ्यावरून आजोबा बोटीत बसून काम शोधायला गेले, तिथे काम आपल्या पायांनी चालत येते आहे. आनंदच आहे. पण दारात नातवाला कोण भेटेल? आज अनेक ठिकाणी कामगार कंपनीचा नसतो, ठेकेदाराचा असतो. भरती तोच करतो आणि पगारही त्याच्याच हातून मिळतो. जुन्या दस्तुरीची आठवण यावी अशाच या गोष्टी आहेत.

म्हणून रायगडच्या मुलामुलींनी पदवीनंतर या विषयाकडेही वळावे, असे मनापासून वाटते. दारातली ती मधली जागा कधीच रिकामी राहत नाही. शिकलेला, कामगाराची भाषा जाणणारा माणूस तिथे बसला नाही, तर मुकादम बसतो. आणि या भागातल्या कामगाराचे गाव, त्याची शेती, त्याच्या घरची ओढ रायगडच्या मुलांइतकी दुसऱ्या कोणाला कळणार?