नागिणीचे तोंड आणि शेपूट

आमच्या जालना जिल्ह्यात कोणाच्या कमरेवर फोडांचा पट्टा उठला, की घरातली वडीलधारी माणसे आधी विचारतात, ‘तोंड कुठे आहे अन् शेपूट कुठे?’ नागिणीने अंगाला वेढा घातला, तोंड आणि शेपूट जुळले, की माणूस दगावतो, असा समज आहे. मग मंत्र टाकणाऱ्याला बोलावायचे, गेरूचा लेप द्यायचा. यातच दोन-चार दिवस जातात.

या भीतीचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच मिळाले होते. १९०० साली इंग्लंडमध्ये हेन्री हेड आणि कॅम्पबेल या डॉक्टरांनी नागीण झालेल्या रुग्णांची शवविच्छेदने केली. मूळ इजा कातडीत नव्हती, ती कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठीत होती. या गाठी कण्याच्या दोन्ही बाजूंना जोडीने असतात आणि एकेका गाठीकडे अर्ध्याच अंगाचा पट्टा असतो. म्हणून नागीण सहसा अंगाच्या मध्यावर येऊन थांबते. तोंड-शेपूट जुळायचे कसे?

पण त्या गाठीत शिरते काय? बुडापेस्टचे बालरोगतज्ज्ञ बोकाय यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच हेरले होते, की घरात मोठ्या माणसाला नागीण झाली की मागोमाग मुलांना कांजिण्या येतात. दोन्हींचा विषाणू एकच, हे पुढे १९५०च्या दशकात प्रयोगशाळेत दिसले. तरी लहानपणच्या कांजिण्या आणि साठीतली नागीण, यांच्या मधली पन्नास वर्षे तो होता कुठे? हे कोडे एका गावच्या साध्या फॅमिली डॉक्टरने सोडवले, याचे मला फार अप्रूप वाटते. सायरेन्सेस्टरच्या एडगर होप-सिम्पसन यांनी १६ वर्षे आपल्या रुग्णांच्या नोंदी ठेवल्या. त्यात नागिणीचे १९२ रुग्ण होते. वय वाढते तशी नागीण वाढते, हे त्यांना त्यात दिसले. १९६५ साली त्यांनी मांडले, की कांजिण्या बऱ्या होतात, पण विषाणू जात नाही. तो गाठीत दडतो आणि प्रतिकारशक्ती खालावली की उठतो.

दडतो म्हणजे काय? या विषाणूची जनुके साधारण सत्तर. जागेपणी ती पाळीपाळीने कामाला लागतात, आधीची पुढच्यांना हुकूम देतात. मज्जापेशीत मात्र त्याचा धागा पेशीच्याच प्रथिनांवर गुंडाळला जातो आणि जवळजवळ सगळी जनुके गप्प होतात. २०१८ साली माणसाच्या अशा गाठींत संशोधकांना विषाणूचा एक संदेश सापडला. त्याला जागे करणाऱ्या एका जनुकाला तो दाबून धरतो, असे प्रयोगात दिसले.

गर्ट्रूड एलियन यांच्या प्रयोगशाळेतून आलेले अ‍ॅसायक्लोव्हिर आज तालुक्याच्या औषध दुकानातही मिळते. डॉक्टरांच्या सल्ल्याने ते फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाले, तर चांगले लागू पडते. नेमके तेच तास गेरूत जातात. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर नागीण उठली, तर डोळ्यालाही धोका असतो. हे औषध विषाणूच्या प्रती निघत असतानाच त्याला अडवते. गाठीत गप्प बसलेल्या विषाणूला ते काहीच करू शकत नाही.