नऊ आण्यांचे पुस्तक

आमच्या आजीला तांबड्या आलवणाखेरीज दुसऱ्या वस्त्रात मी कधी पाहिले नाही. सकाळी कोणी कामासाठी बाहेर निघाले, की ती आपण होऊनच दाराआड सरे. विधवेचे दर्शन अशुभ, हे तिला कोणी सांगावे लागत नसे. आम्हांलाही त्यात काही वावगे वाटत नसे. मला ते खटकले ते फार उशिरा, ताराबाई शिंद्यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ हाती आले तेव्हा.

विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला. रूढी मात्र हलली नाही. १८८१ साली सुरतेस विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला स्वतःच्या तान्ह्या मुलाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती काळ्या पाण्यावर आली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीच्या नीतीचा पंचनामा सुरू झाला.

बुलढाण्याच्या ताराबाईंनी १८८२ साली त्याला उत्तर दिले. पुण्यात छापलेल्या ५०० प्रती, किंमत ९ आणे. सवाल साधाच होता: जे दुर्गुण बायकांच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत काय? बायको मेली की पुरुष पुन्हा बोहल्यावर चढतो. मग नवरा मेल्यावर बाईनेच का तोंड लपवावे?

१८८५ साली जोतीराव फुल्यांनी ‘सत्सारा’त त्यांची बाजू घेतली. पुढे मात्र पुस्तक विस्मृतीत गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापले.

आजी त्याआधीच गेली. तिला अक्षरओळख नव्हती. पण मला वाचून दाखवता आले असते.