‘थिसलगॉर्म’ : एक बुडीत साधन

मराठी इतिहाससंशोधनात ‘साधन’ या शब्दाचा अर्थ राजवाड्यांच्या काळापासून बव्हंशी दप्तरातील कागद असाच राहिला आहे. समुद्रतळाशी पडलेले जहाज हेही तसेच साधन होय. मात्र त्याला वाळवीपेक्षा वाचकाचेच भय अधिक, हे तांबड्या समुद्रातील ‘थिसलगॉर्म’च्या वृत्तान्तावरून ध्यानी येते.

संडरलंड येथे बांधलेली ही सुमारे १२६ मीटर लांबीची ब्रिटिश मालवाहू बोट १९४० साली पाण्यात उतरली. तिच्या मालक कंपनीच्या बोटींची नावे ‘थिसल’ या स्कॉटलंडच्या मानचिन्हाच्या काटेरी फुलावरून ठेवलेली असत. ‘गॉर्म’ म्हणजे गेलिक भाषेत निळा. (गवताच्या रंगालाही गेलिकमध्ये हाच शब्द चालतो, रंगांच्या सीमा प्रत्येक भाषा आपापल्या परीने आखते.) १९४१ च्या जूनमध्ये ती ग्लासगोहून निघाली. भूमध्य समुद्राचा मार्ग धोक्याचा असल्याने आफ्रिकेला वळसा घालून तिला ईजिप्तमधील सैन्यास रसद पोहोचवावयाची होती. त्या सैन्यात चौथी हिंदी डिव्हिजनही होती. सुएझ कालव्यात शिरण्याची पाळी येईपर्यंत बोट सिनाईच्या दक्षिण टोकाजवळ, शाब अली येथील खडकांच्या आडोशास नांगरून राहिली. ६ ऑक्टोबर १९४१ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, जर्मन हाइंकेल विमानांनी तिच्यावर बाँब टाकले. दारूगोळ्याचा स्फोट होऊन मागील भाग तुटला व बोट बुडाली. नऊ माणसे मरण पावली. उरलेल्यांस जवळच असलेल्या ‘कार्लाइल’ या युद्धनौकेने उचलून घेतले.

याच युद्धकाळात, १९४३ साली, फ्रान्समध्ये कुस्तो व गान्याँ यांनी पाणबुड्याला मोकळेपणी पोहू देणारे श्वसनयंत्र सिद्ध केले. पुढे १९५० नंतरच्या काही वर्षांतच कुस्तोने ही बोट गाठली. १९५६ च्या त्याच्या चित्रपटात तिचे दर्शन घडते. सुमारे ३० मीटर खोलीवर मालमोटारी, मोटारसायकली, रायफली, रबरी बूट आणि रेल्वेची इंजिने असा तो ऐवज. मोटारसायकली मोटारींच्याच पाठीवर लादलेल्या, म्हणजे जागेची काटकसर किती होती तेही दिसते. मालाच्या यादीतून वस्तूंची संख्या कळेल. लादणाऱ्याचा हात तेथेच दिसतो. कुस्तोने काही वस्तू वर काढल्या, त्यांत जहाजाची घंटाही होती. ज्या घंटेवरून जहाजाचे नाव वाचता येते, तीच जागेवरून हलवावी हे संशोधनाच्या दृष्टीने अनुचितच म्हणावे लागेल.

१९९० नंतरच्या दशकात हौशी पाणबुडे तेथे मोठ्या संख्येने येऊ लागले. आठवण म्हणून सुटे भाग नेण्यात आले; सहलीच्या नौका थेट सांगाड्यालाच दोर बांधीत, त्यामुळे कठडे व पत्रे उखडले. याहून विलक्षण हानी श्वासाची. पाणबुड्यांनी सोडलेली हवा छताखाली कोंडून राहते व लोखंड अधिक वेगाने गंजते. तिला वाट देण्यासाठी सांगाड्याला भोके पाडावी लागली. अलीकडे संशोधकांनी हजारो छायाचित्रे जुळवून संपूर्ण बोटीची त्रिमितीय प्रतिकृती तयार केली आहे. दप्तर जळण्यापूर्वी नकल करून ठेवावी, तसाच हा उद्योग. युनेस्कोच्या २००१ च्या करारानुसार निदान शंभर वर्षे पाण्याखाली असलेलाच अवशेष सांस्कृतिक वारसा ठरतो. ‘थिसलगॉर्म’ला ती शंभर वर्षे ऑक्टोबर २०४१ मध्ये पुरी होतील.