पन्नास वावांचे घड्याळ

दोन्ही हात फैलावले असता एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंत जे अंतर भरते, त्यास आपल्या किनाऱ्यावरील खलाशी 'वाव' म्हणतात. इंग्रजांचा सहा फुटी फॅदम तो हाच. ज्या देशास समुद्रच नाही त्या स्वित्झर्लंडातील ब्लाँपँ या कारखान्याने १९५३ साली आपल्या मनगटी घड्याळास 'फिफ्टी फॅदम्स', म्हणजे 'पन्नास वाव', असे नाव ठेवले, याचे आम्हांस प्रथम नवलच वाटले होते. पन्नास वाव म्हणजे सुमारे ९१ मीटर. पाणबुड्याने याहून खोल जाऊ नये, अशी त्या काळची समजूत होती.

या घड्याळाचा जन्म एका प्राणसंकटातून झाला. कारखान्याचे चालक ज्यां-जाक फिश्तर हे स्वतः हौशी पाणबुडे होते. दक्षिण फ्रान्सच्या समुद्रात बुडी मारली असता वेळेचे भान सुटले, नळकांड्यातील हवा संपली आणि त्यांस जीव मुठीत धरून घाईने वर यावे लागले. अशा घाईच्या चढणीतही धोका असतोच. ते वाचले, आणि पाण्याखाली मिनिटांचा हिशेब चुकू न देणारे यंत्र हवे, हा विचार घेऊन घरी परतले.

त्याच सुमारास फ्रेंच नौसेनेसाठी पाणबुड्या सैनिकांचे पथक उभारणारे कॅप्टन रॉबेर मालूबिए आणि लेफ्टनंट क्लोद रिफो हेही अशाच घड्याळाच्या शोधात होते. काळी तबकडी, ठळक आकडे, गढूळ पाण्यातही चमकणाऱ्या खुणा आणि काचेभोवती फिरते कडे, असा आराखडा त्यांनी स्वतःच काढला होता. एका कारखान्याने त्यांस नकार दिला. ब्लाँपँकडे मात्र त्यांच्या मनातलीच वस्तू जवळजवळ तयार होती.

या घड्याळाची खरी गंमत त्या कड्यात आहे. पाण्यात शिरताना कड्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणून ठेवावयाची; पुढे काटा कड्यावर जेथे असेल तितकी मिनिटे गेली. परंतु कशास धक्का लागून कडे सरकले तर? म्हणून ते दाबल्याशिवाय फिरूच नये, अशी योजना फिश्तरांनी केली. (आजची कडी एकाच दिशेने फिरतात. चुकून सरकलीच तर गेलेला वेळ अधिक दिसतो, उणा कधीच नाही. चूक झाली तरी पाणबुड्या लवकर वर येतो.) किल्लीस दुहेरी रबरी कडी बसविली, जेणेकरून ती अनवधानाने ओढली गेली तरी पाणी आत येऊ नये. यंत्र स्वयंचलित ठेवले, कारण रोज किल्ली दिल्याने ते रबर झिजते. चुंबकीय सुरुंगांशी काम पडणाऱ्या सैनिकांसाठी आत मृदू लोखंडाचे कवचही आले. आपल्याकडे लग्नमुहूर्तासाठी घटिकापात्र पाण्यावर सोडीत. ते २४ मिनिटांत बुडे आणि घटका भरे. तेथे बुडणे हेच मोजमाप. येथे मात्र पाण्याचा एक थेंब आत गेला की सारे संपले.

जाक कुस्तो यांच्या पाणबुड्यांच्या हातीही ही घड्याळे होती. त्यांच्या 'मूक जग' या चित्रपटास १९५६ साली कान महोत्सवाचा सर्वोच्च मान मिळाला, आणि सैनिकांचे हे हत्यार हौशी लोकांच्या डोळ्यांत भरले. द्वारकेच्या समुद्रतळाशी १९८० च्या दशकात जो शोध झाला, त्यात गोव्याच्या दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचा मोठा वाटा होता. त्या पाणबुड्यांच्या मनगटावर कोणतेही घड्याळ असो, मिनिटांचा हिशेब त्यांसही चुकला नसेल.

पुढे क्वार्ट्झ घड्याळांच्या लाटेत हे नाव जवळजवळ बुडाले. १९८० च्या दशकाच्या आरंभी ज्यां-क्लोद बिव्हेर आणि जाक पिगे यांनी ते वर काढले. १९९२ साली ते आजच्या स्वॉच समूहाकडे गेले. २००३ साली सुवर्णमहोत्सवी आवृत्ती निघाली आणि २००७ पासून आजची मालिका सुरू झाली. तिची व्याप्ती ४५ मिलिमीटर, जलरोध ३०० मीटर, आणि एकदा पूर्ण किल्ली भरली की यंत्र पाच दिवस चालते. कंपनी आपला जन्म १७३५ चा सांगते. मधल्या खंडाचा उल्लेख जाहिरातीत क्वचितच आढळतो, हे खरेदीदाराने ध्यानात ठेवलेले बरे.

खरेदीचा विषय निघाला म्हणून सांगतो. आमच्या एका स्नेह्याचा मुलगा जहाजावर नोकरीस आहे. निवृत्त वडिलांसाठी साठवलेल्या पैशांतून त्याने परदेशी एका दुकानातून 'जुने, अस्सल' म्हणून असे घड्याळ आणले. उघडून पाहिले तो तबकडी नव्याने रंगवलेली, काटे दुसऱ्याच घड्याळाचे! पैसे परत मिळाले नाहीत. जुना नग घ्यावयाचा तर तबकडी मूळची आहे काय, कडा घासून गुळगुळीत केल्या आहेत काय, दुरुस्तीचे कागद आहेत काय, हे जाणकाराकडून पाहून घ्यावे. आरंभीच्या तबकड्यांवर किरणोत्सर्गी रेडियम असे, म्हणून ते घड्याळ घरी उघडू नये. १९६० च्या दशकात काही तबकड्यांवर 'किरणोत्सर्ग नाही' अशी खूण आली, ती याच भीतीपोटी. आणि जुने घड्याळ कितीही अस्सल असो, रबर बदलून दाबाची चाचणी केल्याखेरीज ते पाण्यात नेऊ नये.

नवे घेणाऱ्याने आधी स्वतःचे मनगट पाहावे. ४५ मिलिमीटरचे घड्याळ आपल्याकडील बहुतेकांस थाळीएवढे वाटेल. २०२३ नंतर सुमारे ४२ मिलिमीटरचेही मिळू लागले आहे, आणि आमच्या मते तेच शोभते. किमतीबरोबर दर काही वर्षांनी होणाऱ्या साफसफाईचा खर्चही धरावा. २०२३ साली स्वॉचच्या सहकार्याने याच नावाचे स्वस्त घड्याळ निघाले. त्याचा जलरोध ९१ मीटर, बरोबर पन्नास वाव; परंतु त्याचे यंत्र नेहमीच्या रीतीने खोलून दुरुस्त होत नाही. स्नेह्याच्या मुलाने शेवटी वडिलांस तेच आणून दिले. वडील ते घालून रोज पहाटे देवळाच्या तळीवर स्नानास जातात. कडे मात्र अजून एकदाही फिरवलेले नाही.