मी कोण, असं विचारणारी फ्लॉपी

मंडळी, या शनिवारचा विषय जरा धूळ खाल्लेला आहे: नेटवर्क बूट डिस्क. म्हणजे अशी फ्लॉपी, जिच्यात ऑपरेटिंग सिस्टीम नसतेच. ती कुठून मागवायची, एवढंच तिला ठाऊक असतं.

आता यातली गोची बघा. नेटवर्कवरून काही आणायचं तर आयपी पत्ता हवा. तो लिहिलेला असतो हार्डडिस्कवर, आणि हार्डडिस्क तर नाहीच! १९८० च्या दशकात हा प्रश्न अगदी रोजचा होता. डिस्क महाग होत्या आणि सनसारख्या कंपन्या बिनडिस्कची वर्कस्टेशन्स विकत होत्या. नुकत्याच चालू झालेल्या अशा मशीनला स्वतःबद्दल एकच गोष्ट माहीत असते: नेटवर्क हार्डवेअरचा ४८ बिटांचा पत्ता.

१९८४ साली आरएआरपी आला. हा पत्ता सगळ्यांना ओरडून सांगायचा, मग कुणीतरी तुमचा आयपी सांगतं. पण ती हाक राउटरपलीकडे जात नसे, आणि पुढे कुठली फाइल आणायची हे कुणी सांगत नसे. सप्टेंबर १९८५ मध्ये बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी बूटपी मांडला. आता एकाच उत्तरात आयपी, सर्व्हरचा पत्ता आणि फाइलचं नाव! फाइल आणायला १९८१ पासूनचा टीएफटीपी होताच. ५१२ बाइटचा तुकडा पाठवायचा, पोच आली की पुढचा. चाल बैलगाडीची, पण प्रोग्रॅम इतका छोटा की साध्या रॉम चिपमध्ये मावतो.

वर्कस्टेशनमध्ये ती चिप आतच असे. पीसीचं तसं नव्हतं. कितीतरी स्वस्त नेटवर्क कार्डांवर बूट रॉमसाठी सॉकेट असायचं, पण रिकामं. चिप आणा, तिच्यात प्रोग्रॅम भरा, ती बसवा, एवढा खटाटोप कोण करणार? मग फ्लॉपी कामाला आली. बायॉस फ्लॉपीचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर वाचून चालवतो. तिथून चिपमधला तोच प्रोग्रॅम उचलला की झालं! इथरबूट या मुक्त प्रकल्पाने १९९० च्या दशकात हेच केलं. १.४४ एमबीची फ्लॉपी जवळजवळ रिकामीच राहायची.

याचा खरा फायदा झाला तो जुन्या मशीन्सना. १९९९ च्या सुमारास सुरू झालेल्या एलटीएसपीने भंगारात निघालेले पीसी टर्मिनल म्हणून वापरात आणले. सगळं काम सर्व्हरवर, पुढ्यात फक्त पडदा आणि कीबोर्ड. त्याच वर्षी इंटेलच्या पीएक्सईची २.१ आवृत्ती आली. पुढे ही सोय कार्डातच येऊ लागली आणि फ्लॉपीची गरज संपत गेली.

माझ्याकडे एक पेन्टियम आहे. यूएसबी नाही, सीडीवरून बूट होत नाही. इथरबूटचा वारसदार आयपीएक्सई घेतला, कार्डाचा ड्रायव्हर निवडून फ्लॉपी लिहिली, लॅपटॉपवर डीएनएसमास्क चालू केला आणि फ्रीडॉसची इमेज ठेवली. बूट झालं की राव!

एक गोष्ट मात्र विसरू नका. बूटपी काय, डीएचसीपी काय, दोघांच्याही मूळ रचनेत उत्तर देणारा कोण, हे तपासायची सोय नाही. जो उत्तर देईल त्याची फाइल मशीन मुकाट्याने चालवतं. एका खोलीतल्या ओळखीच्या मशीन्ससाठी ते चालून गेलं. पण नेटवर्कवरून बूट करणं संपलेलं नाही, डेटा सेंटरमध्ये आजही सर्व्हर असेच उठवतात. तिथे सही तपासणं, एचटीटीपीएस वगैरे लागतं ते याच भाबडेपणामुळे. मी तर लॅपटॉप आणि पेन्टियम थेट एका केबलने जोडले होते, बाकी कुणाचा संबंधच नको.

असो. घरातला जुना पीसी भंगारवाल्याला देण्याआधी फ्लॉपी ड्राइव्ह आणि नेटवर्क कार्ड चालतं का, तेवढं बघा. हार्डडिस्क गेली असेल तरी बिघडत नाही.