जात्यापासून सौरपॅनेलपर्यंत : बायकांची ऊर्जा आणि बायकांची साथ



संयोजकांनी मला विषय दिला तो असा : सौर, पवन, बायोगॅस अशा अक्षय ऊर्जेच्या क्षेत्रात काम करणाऱ्या स्त्रियांचं आपसातलं जाळं आणि त्यांना मिळणारं मार्गदर्शन. आता तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला यातलं काय कळतं, असं तुम्हाला वाटेल. पॅनेल कसं बसवायचं ते मी सांगू शकणार नाही. पण एका माणसाजवळचं ज्ञान दुसऱ्याकडे कसं जातं, कोणाकडे जातं आणि कोणाच्या दारावरून तसंच पुढे निघून जातं, हा तत्त्वज्ञानाचा फार जुना प्रश्न आहे. त्या वाटेनं मी या विषयाकडे येणार आहे, आणि त्यासाठी थोडा इतिहास सांगणार आहे.

सुरुवात जात्यापासून करू. ऊर्जा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वायरी आणि खांब येतात. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या भागातल्या घरात ऊर्जा कुठून येत होती? बाईच्या दंडातून. दळण तिचं, पाणी तिचं, सरपण तिचं, गोवऱ्या तिच्या. सगळं घर या ऊर्जेवर चालायचं आणि ती कोणाच्या हिशेबात नव्हती. मात्र जात्यावर बहुतेक वेळा दोघी बसायच्या. सासू-सून, जावा-जावा, नाहीतर शेजारीण. पहाटेच्या त्या तासा-दोन तासांत ओव्या व्हायच्या, आणि ओव्यांमधून माहेरचं, बाळंतपणाचं, औषधाचं, माणसांच्या पारखीचं ज्ञान एकीकडून दुसरीकडे जायचं. हेमा रायरकर आणि गी प्वातव्हँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा ओव्या जमवल्या, त्या लाखाच्या वर भरल्या. यावरून कल्पना करा, केवढी मोठी शाळा त्या दोन दगडांभोवती भरत होती!

मग गिरणी आली. आधी डिझेलवरची, नंतर विजेवरची. बाईचे दंड मोकळे झाले, ही चांगलीच गोष्ट झाली. जात्याचे गोडवे गाणाऱ्यानं आधी रोज पायलीभर दळून दाखवावं! पण एक गोष्ट आपण नोंदवली नाही. कष्ट गेले त्याबरोबर बसायची जागाही गेली. गिरणीवर डबा ठेवायचा आणि परत यायचं, तिथे बसून बोलायची सोय नाही. गिरणीचा मालक पुरुष, मोटार दुरुस्त करणारा पुरुष. काम यंत्राकडे गेलं आणि यंत्राचं ज्ञान पुरुषांकडे गेलं. माझं आजचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर ते हे : ऊर्जेचं साधन जेव्हा जेव्हा बदलतं, तेव्हा बायका आता कुठे बसणार आणि कोणाकडून शिकणार, हे विचारावं लागतं. न विचारल्यास उत्तर आपोआप ठरतं, आणि ते बायकांच्या बाजूचं नसतं.

आता विज्ञानाच्या दाराशी जाऊ. १९३३ साली कमला भागवत नावाची मुंबईची मुलगी बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सकडे प्रवेश मागायला गेली. याच पुढे कमला सोहोनी झाल्या, आणि लोकसाहित्याच्या अभ्यासक दुर्गाबाई भागवत यांच्या त्या भगिनी. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. मुलगी आहे म्हणून त्यांनी नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर, वर्षभर काम पाहू मग ठरवू, अशा बोलीवर. तिथे श्रीनिवासय्या नावाचे गुरुजी त्यांच्या पाठीशी उभे राहिले, त्यांनी कसून काम करून घेतलं. कमलाबाई पुढे केंब्रिजला गेल्या आणि १९३९ मध्ये डॉक्टरेट घेऊन परतल्या. एकाच संस्थेत दार अडवणारा नोबेल विजेता होता आणि हात धरणारा एक साधा शिक्षकही होता. यातला दुसरा भेटला नसता तर?

पुढे १९४० मध्ये त्याच संस्थेत, रामन यांच्याच प्रयोगशाळेत, त्रावणकोरातली एक तरुणी आली. अ‍ॅना मणी. पाच वर्षं संशोधन केलं, प्रबंध लिहिला, पण आधी एम.एस्सी. नाही या तांत्रिक कारणावरून पदवी मिळाली नाही. इंग्लंडला जाऊन त्या हवामानाच्या उपकरणांचं शास्त्र शिकल्या आणि १९४८ मध्ये आपल्या पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. त्या काळी साधी साधी उपकरणंही परदेशातून येत. त्यांनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून ती इथेच बनवायला सुरुवात केली. त्यांच्या विभागात हाताखाली १२१ पुरुष काम करत होते. १९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष होतं, त्या निमित्तानं त्यांनी देशभर सूर्यप्रकाश मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं उभं केलं. १९८० मध्ये भारतातल्या सौर प्रारणाची माहिती देणारा त्यांचा ग्रंथ आला, आणि निवृत्तीनंतर वाऱ्याच्या वेगाची मोजणीही त्यांनी हाती घेतली.

हे मी करमाळ्यात का सांगतोय? उजनीच्या पाणलोटाला लागून ज्यांची शेतं आहेत, त्यांच्याकडे आज सौरपंप बसतायत. कुठे किती ऊन पडतं हे आधी कोणीतरी मोजलेलं असतं, तेव्हा कुठे पंपाचा आणि पॅनेलचा हिशेब मांडता येतो. भारताचं ऊन पद्धतशीर मोजायचं काम ज्या माणसांनी उभं केलं, त्यात अगदी पुढे एक बाई होती, आणि ती पुण्यात बसून काम करत होती. सौरऊर्जा हे पुरुषांचं क्षेत्र, बायका त्यात आता शिरतायत, असं कोणी म्हणालं तर त्याला हे नाव सांगा.

पण अ‍ॅना मणींची गोष्ट एकटीची आहे. एकटीनं शिखर गाठलं याचा अभिमान जरूर बाळगावा, पण समाज एकेकट्या शिखरांवर चालत नाही. त्याला पायवाट लागते. ती पायवाट कशी पडली, हे बघायला आपल्याला शेजारच्या जिल्ह्यांत जावं लागतं.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र सरून पहाट व्हायच्या आत किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादमध्ये हजारो माणसं गेली, आपल्या सोलापूर जिल्ह्यालाही हादरे बसले. पुनर्वसनात घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचं मोठं काम होतं, आणि पैसा, सिमेंट, माहिती हे सगळं गावातल्या ठरावीक माणसांपाशी अडकायचा धोका होता. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं शासनाला सुचवलं, की गावातल्या बायकांना मध्यस्थ करा. त्यांना नाव दिलं संवाद सहायक. हजाराहून अधिक गावांत हे काम चाललं. चुलीपुढून उठलेली बाई अभियंत्याशी बोलू लागली, भिंतीत कोपऱ्याला काय घालायचं, पट्टी कुठे ओतायची हे शेजारणीला समजावू लागली. २००१ मध्ये भूज हादरलं तेव्हा याच भागातल्या बायका कच्छला गेल्या. भाषा वेगळी, पण पडलेलं घर दोघींनीही पाहिलेलं. ज्यांनी सोसलं त्यांनीच शिकवलं. मार्गदर्शन या शब्दाचा याहून चांगला अर्थ मला पुस्तकात सापडलेला नाही.

या जाळ्यातूनच ऊर्जेचं काम उभं राहिलं. २००६ च्या सुमारास ब्रिटिश पेट्रोलियम ही तेल कंपनी आणि ही संस्था एकत्र आल्या. बंगळूरच्या त्याच इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या तंत्रावर एक चूल बनली, तिचं नाव ऊर्जा. बॅटरीवर चालणारा लहानसा पंखा, आणि जळण म्हणून शेतातल्या टाकाऊ मालाच्या दाबून केलेल्या गोळ्या. धूर फार कमी. गावोगावच्या सख्या ही चूल विकायच्या, पेटवून दाखवायच्या, जळणाची पोती पोचवायच्या. चूल लाखांच्या संख्येनं खपली.

आणि मग गाडी अडली. गोळ्यांचा मुख्य कच्चा माल बगॅस, म्हणजे आपल्या कारखान्यातून निघतो तोच. त्याचा भाव चढला, गोळ्या महागल्या. बाईचा हिशेब सरळ असतो : बांधावरचं सरपण फुकट, हे जळण विकत. चुली कोपऱ्यात गेल्या. मूळ कंपनी तर आधीच बाहेर पडली होती. पुढे २०१६ मध्ये उज्ज्वला योजनेतून घरोघर गॅसची शेगडी आली आणि चुलीचा बाजार पार बदलून गेला.

एखादा म्हणेल, झालं, प्रयोग फसला. इथेच इतिहास नीट वाचावा लागतो. चूल गेली, सखी गेली नाही. तिला आता विकणं येत होतं, हिशेब येत होता, पलीकडच्या गावात कोण आहे हे माहीत होतं. त्याच जाळ्यातून सौरकंदील, सुधारित चुली, सौर बंब यांचं काम सुरू झालं, आणि हजाराहून अधिक बायका स्वच्छ ऊर्जेच्या उद्योजिका म्हणून तयार झाल्या. २०१६ मध्ये मराकेशच्या हवामान परिषदेत संयुक्त राष्ट्रांनी या कामाचा गौरव केला. पुढच्याच वर्षी मराठवाड्यातल्या दुष्काळात बायकांनी केलेल्या शेतीच्या प्रयोगासाठी संस्थेला इक्वेटर पुरस्कार मिळाला. घरबांधणी, चूल, दिवा, शेती : वस्तू चारदा बदलली, बायकांची एकमेकींशी असलेली गाठ तीच राहिली. प्रेमा गोपालन २०२२ मध्ये गेल्या. त्यांनी मागे ठेवलेली खरी ठेव ही गाठ आहे.

कौतुक करताना दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कंपनी मोठी असते, तोटा झाला तर ती दुसरीकडे वळते. सखी मात्र गावातच राहते. बंद पडलेल्या दिव्याबद्दल बोल तिलाच ऐकावे लागतात, कारण शेजारीण तिला रोज पाणवठ्यावर भेटते. तिच्या नात्यावर माल खपतो, पण त्या नात्याची किंमत कमिशनमध्ये धरलेली नसते. म्हणून जाळं कोणाच्या मालकीचं आहे, हा प्रश्न महत्त्वाचा. राजस्थानात डुंगरपूरला आयआयटी मुंबईच्या साहाय्यानं आदिवासी बायकांनी सौरपॅनेल बनवण्याचा कारखाना सुरू केला, तो त्यांच्याच कंपनीचा. तिथे बाई फक्त विक्रेती नाही, मालकीण आहे. हा फरक छोटा नाही.

आता आजची स्थिती. अक्षय ऊर्जेच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं, म्हणजे आयरेनानं, २०१९ मध्ये अहवाल दिला. जगात या क्षेत्रातल्या मनुष्यबळात स्त्रिया ३२ टक्के. तेल आणि वायू उद्योगात २२ टक्के, त्यामानानं बरं. पण आत डोकावलं तर कार्यालयीन कामात ४५ टक्के आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या कामात २८ टक्के. भारतात छतावरच्या सौरऊर्जेच्या कामात स्त्रिया ११ टक्क्यांच्या आसपास असल्याचं त्याच वर्षीच्या एका अभ्यासात दिसलं. म्हणजे सूर्य नवा, पण कामाची वाटणी जुनीच. गिरणीचं झालं तेच पुन्हा होऊ घातलंय.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. बायकांचं वेगळं जाळं कशाला? ज्याला काम येतं त्याला मिळेल. मी उलट विचारतो, पुरुषांचं जाळं नाहीये का? चहाची टपरी, तालीम, भिशी, कारखान्याची सर्वसाधारण सभा, निवडणुकीतली जीपगाडी, हे काय आहे? कुठलं कंत्राट निघालंय, कोणता पुरवठादार बुडवतो, कोणत्या साहेबाला कधी भेटावं, हे ज्ञान तिथे मिळतं. त्याला जाळं म्हणत नाहीत इतकंच, त्याला ओळख म्हणतात. मायकेल पोलान्यी या तत्त्वज्ञानं दाखवून दिलं, की माणसाला जे येतं त्यातलं बरंचसं त्याला शब्दांत सांगता येत नाही. ते सोबत राहून, हाताकडे बघून येतं. सोबत बसायलाच मिळालं नाही, तर प्रमाणपत्र असूनही बाई बाहेरच राहते.

मार्गदर्शक म्हटलं की आपल्याला गुरू आठवतो. गुरू उंचावर बसतो, आणि एकलव्याची कथाही आपल्याला ठाऊक आहे. इंग्रजीतला मेंटॉर हा शब्द होमरच्या ओडिसीतून आला. तिथे मेंटॉर हा म्हातारा मित्र, पण राजपुत्राला वाट दाखवते ती मेंटॉरचं रूप घेतलेली देवी अथीना! म्हणजे सल्ला बाईचा आणि नाव पुरुषाचं. आपला सखी हा शब्द मला यापेक्षा बरा वाटतो. सखी फार पुढे नसते, एकच पायरी पुढे असते. तुमच्या कमलाभवानीच्या ९६ पायऱ्यांच्या विहिरीत उतरताना काठावरून सूचना देणाऱ्यापेक्षा एक पायरी खाली उभं राहून हात देणारी जास्त कामाची.

मग करमाळ्यात काय करता येईल? तालुक्यात बचत गट आहेत. सौरपंप आणि छतावरची पॅनेलं वाढतायत, आणि बिघडल्यावर माणूस लवकर येत नाही ही तक्रारही घरोघर आहे. केंद्र सरकारनं २०१५ मध्ये सूर्यमित्र नावाचं तंत्रज्ञांचं प्रशिक्षण सुरू केलं. एकट्या मुलीला अशा प्रशिक्षणाला पाठवू नका, दोघी-तिघींना एकत्र पाठवा. छतावर चढणारी एक असली तर चर्चा होते, तिघी असल्या तर ते काम होतं. शिकून आलेलीनं पुढच्या वर्षी दोघींना हाताखाली घ्यावं, ही अट बचत गटानं घालावी. महिन्यातून एक दिवस त्यांनी एकत्र बसावं, कोणाचा इन्व्हर्टर का बंद पडला, कोणी पैसे थकवले, कोणतं कर्ज घेऊ नये, हे बोलावं. हळदीकुंकवाला आपण एकत्र जमतोच, वाणात या वर्षी टेस्टर दिला तरी चालेल! त्या बैठकीत विधवा आली पाहिजे, कोणत्याही जातीची आली पाहिजे, नाहीतर तेही जुन्या वाटणीचंच जाळं होईल.

आणि बंधूंनो, तुमच्यासाठी एक. सौरपंप घराच्या शेतात बसतो, तेव्हा तो समजावून सांगायला आलेल्या माणसासमोर घरातल्या बाईलाही उभं करा. पंप दिवसा चालणार, आणि दिवसा शेतात तीच असते. तिला कळ दाबता येते, एवढ्यावर थांबू नका. कळ दाबल्यावर आत काय होतं, हे तिला कळलं पाहिजे.

गिरणी आली तेव्हा हे आपण विचारलं नाही. सौरपॅनेल येतंय, अजून वेळ आहे. आता प्रश्न विचारा, आणि पहिला प्रश्न मागच्या रांगेतल्या मुलींकडून यावा, अशी माझी विनंती आहे.